त्या पोराच्या चेहऱ्यावर दिसत होतं का?

नमस्कार. बाबांच्या नोकरीमुळे २००४ साली आम्ही नाशिकहून न्यू जर्सीतल्या एडिसनला गेलो, तेव्हा मी आठ वर्षांची होते. शाळेत माझं इंग्रजी कुणाला कळायचं नाही. घरी आलं की मी आणि ताई निकलोडियन ही मुलांची अमेरिकन वाहिनी लावायचो आणि 'ड्रेक अँड जॉश' ही दोन पोरांची विनोदी मालिका बघत वाक्यं घोकायचो. मी इंग्रजी बोलायला शिकले ती त्या दोन पोरांकडून. २०१० मध्ये परत आलो, डीव्हीडी बरोबर आणल्या. आता पुण्यात असते. इन्स्टाग्रामवर जुन्या निकच्या, म्हणजे निकलोडियनच्या, क्लिपांचं पान चालवते, बारा हजार लोक आहेत. गेल्या महिन्यात 'क्वायट ऑन सेट' हा निकच्या बालकलाकारांना काय सोसावं लागलं यावरचा माहितीपट पाहिला. ड्रेकचं काम करणाऱ्या ड्रेक बेलने त्यात आपल्यावर लहानपणी झालेल्या लैंगिक अत्याचाराबद्दल सांगितलंय. झोपेचं खोबरं झालं. रात्री जुने भाग लावते, ड्रेकचा चेहरा आला की थांबवते आणि त्याच्यावर काय गुदरलंय ते कुठे दिसतं का, शोधत बसते. तेव्हा आपण खिदळत होतो याची लाज वाटते. पानावर लोक एकमेकांची उणीदुणी काढताहेत. नवरा म्हणतो, एवढं काय, एक मालिकाच तर होती. ताईच्या सात वर्षांच्या मुलाला सुट्टीत ही मालिका दाखवायचं मी कबूल केलं होतं. त्यात ताई त्याला नाचाच्या एका रिअ‍ॅलिटी शोच्या ऑडिशनला नेणार आहे. मी काही बोलले की म्हणते, ते डोक्यातलं खूळ काढ. काय करू?
— एक वाचक, पुणे

आधी रिमोट खाली ठेवा. चेहरा थांबवून बघणं आजपासून बंद, कारण तिथे काही सापडणार नाही. अशा मालिकेचा भाग वाचन, तालमी आणि मग एकेका प्रसंगाचे अनेक टेक असा तयार होतो. त्यातून सगळ्यांत तरतरीत तुकडा संकलक उचलतो आणि तो भाग पडद्यावर येतो बराच नंतर. म्हणजे तुम्ही जो क्षण गोठवता, तो 'पोरगं खुशीत दिसतंय' म्हणूनच निवडलेला असतो. शिवाय ड्रेक बेल पाचव्या वर्षापासून कॅमेऱ्यासमोर होता. त्या चेहऱ्याला हुकमी हसायची सवय तुमच्या जन्माआधीपासूनची. कधी एखाद्या फ्रेममध्ये डोळे उदास वाटतील, पण ते भूक लागल्याने, रात्रीचे अकरा वाजल्याने किंवा दिवा डोळ्यावर आल्यानेही तसे दिसतात. अंदाज बांधायचा आणि त्यावर रडायचं, हे रोज रात्री केलंत तर मेंदूला तीच सवय जडेल.

लाजेचं काय, ते तारखा लावून बघू. अत्याचार झाला तेव्हा बेल पंधरा वर्षांचा होता आणि निकच्याच 'द अमँडा शो'मध्ये काम करत होता. अत्याचार करणारा तिथला संवाद-प्रशिक्षक ब्रायन पेक याला अटक झाली ऑगस्ट २००३ मध्ये. 'ड्रेक अँड जॉश'चा पहिला भाग लागला ११ जानेवारी २००४ ला. पेकला शिक्षा सुनावली ऑक्टोबर २००४ मध्ये, सोळा महिन्यांची. तुम्ही एडिसनच्या घरात गालिच्यावर बसून वाक्यं घोकत होतात, त्याच वर्षी हा खटला चालू होता आणि पीडित कोण हे बाहेर कुणालाच माहीत नव्हतं. अल्पवयीन पीडिताचं नाव उघड करायचं नाही, ही पद्धत त्या मुलाच्याच भल्याची. नाव त्याने स्वतः सांगितलं ते थेट मार्च २०२४ मध्ये, वयाच्या ३७ व्या वर्षी. पेकच्या बाजूने न्यायाधीशांना ४१ पत्रं गेली होती. तीही मोहोरबंद होती, माहितीपट करणाऱ्यांनी न्यायालयात मागणी केल्यावर ती उघड झाली. पत्रं लिहिणाऱ्यांपैकी काहींनी पुढे जाहीर पश्चात्ताप व्यक्त केला. लाजेची वाटणी करायची तर ती मोठ्या माणसांत होईल. आठ वर्षांच्या मुलीच्या वाट्याला त्यातलं काहीच येत नाही, आणि 'मला कळायला हवं होतं' हे वाक्य तर तुमच्याकडून येणं अगदीच अन्यायाचं, कारण कळू नये अशीच व्यवस्था होती.

आता एक वही घ्या. हे काम फोनवर करू नका, फोनवर केलंत की पुन्हा व्हिडिओंच्या नादी लागाल. एका पानावर तीन रकाने पाडा.

पहिला रकाना न्यायालयात सिद्ध झालेल्या किंवा आरोपीने मान्य केलेल्या गोष्टींचा. इथे पेक येतो. त्याच्यावर ११ आरोप होते, त्यांतल्या दोन आरोपांवर त्याने 'नो कॉन्टेस्ट' म्हटलं, म्हणजे गुन्हा तोंडाने कबूल न करता शिक्षा मान्य केली. तो लैंगिक गुन्हेगारांच्या नोंदवहीत गेला. (आणि तरी पुढे डिस्नेच्या मुलांच्या मालिकेत त्याला काम मिळालं. हा मुद्दा अधोरेखित करून ठेवा, तुमच्या ताईला तो लागणार आहे.) जेसन हँडी हा निकचा प्रॉडक्शन असिस्टंटही इथेच, त्याला २००४ मध्ये सहा वर्षांची शिक्षा झाली.

दुसरा रकाना, स्वतःच्या नावानिशी जाहीरपणे सांगितलेल्या गोष्टींचा. 'आयकार्ली' या निकच्या दुसऱ्या मालिकेतल्या जेनेट मॅककर्डीने २०२२ च्या आत्मकथनात लिहिलं की सेटवरच्या अनुभवांबद्दल गप्प राहण्यासाठी आपल्याला तीन लाख डॉलर देऊ केले होते आणि ते आपण नाकारले. लेखिका जेनी किलगेनने सांगितलं की 'द अमँडा शो'त दोघी लेखिकांना मिळून एकच पगार दिला जात होता. या सगळ्या मालिकांचा कर्ताधर्ता डॅन श्नायडर याच रकान्यात बसतो, आणि त्याच्यापुढे जरा जास्त ओळी सोडा. त्याच्यावर फौजदारी खटला झालेला नाही. निकलोडियन आणि तो २०१८ मध्ये वेगळे झाले. २०२१ मध्ये न्यूयॉर्क टाइम्सने बातमी दिली ती अशी की, कंपनीच्या चौकशीत लैंगिक गैरवर्तनाचा पुरावा मिळाला नाही, पण त्याच्या हाताखालच्या अनेकांनी त्याचं बोलणं-वागणं अपमानास्पद असल्याचं सांगितलं. माहितीपट आल्यावर १९ मार्च २०२४ ला त्याने व्हिडिओत माफी मागितली, सेटवर सहकाऱ्यांकडून मसाज करून घेणं चूक होतं हेही म्हणाला, आणि मे महिन्यात माहितीपटवाल्यांवर बदनामीचा दावा ठोकला. आणखी एक ओळ लिहा, ती चाहत्यांना आवडत नाही. खटल्याच्या त्या दिवसांत वाहिनीच्या लोकांपैकी आपली विचारपूस केली ती श्नायडरने, असं खुद्द बेलनेच सांगितलं आहे.

तिसऱ्या रकान्यात उरलेलं सगळं. लाल वर्तुळं आणि बाण काढलेले व्हिडिओ, 'हा विनोद म्हणजे गुप्त इशारा होता', 'अमुक अभिनेत्री अचानक का गेली'. हा रकाना भरत जाईल तसा तुमच्या लक्षात येईल की रात्री तुम्हाला जागं ठेवणाऱ्यांपैकी बरंच काही इथलं आहे. याच रकान्यात मालिकेतल्या जॉशचं, म्हणजे जॉश पेकचं, नाव यावं लागतं, ही तर कमालच. त्याचं आणि ब्रायन पेकचं आडनाव एक, पण नातं काही नाही. माहितीपट आला तेव्हा तो लगेच जाहीर काही बोलला नाही म्हणून चाहते त्याच्यावर तुटून पडले, आणि शेवटी बेललाच सांगावं लागलं की त्याने माझ्याशी खासगीत संपर्क केलाय, त्याला जरा सांभाळून घ्या. ज्याच्या बाजूने भांडायचं त्याचंच ऐकायचं नाही, हा चाहत्यांचा जुना रोग.

वहीत एक नोंद कुठे करावी यावर तुमचा हात अडखळेल. २०२१ मध्ये ओहायोत ड्रेक बेलने स्वतः दोन आरोपांत गुन्हा कबूल केला. एक अल्पवयीन व्यक्तीला धोक्यात घालण्याच्या प्रयत्नाचा, दुसरा अल्पवयीन व्यक्तीला अपायकारक मजकूर पाठवल्याचा. त्याला दोन वर्षांचं प्रोबेशन आणि २०० तास समाजसेवा अशी शिक्षा झाली. ही नोंद पहिल्याच रकान्यात जाते. इथे लोक दोन टोकं गाठतात. काही म्हणतात, त्याच्यावर अत्याचार झाला म्हणून तो असा वागला, सोडून द्या. काही म्हणतात, तो असा निघाला, मग त्याच्यावर झालेल्याची हळहळ कशाला. दोन्ही ओळी एकाच पानावर, एकीखाली एक राहू द्या. पंधरा वर्षांच्या मुलाबद्दलचा कळवळा आणि पस्तिशीच्या माणसाबद्दलची नापसंती यांचं गणित मांडून शून्य काढायची गरज नसते. ओहायोतही एक मुलगी होती, तिला कुणी 'पण त्याचं बालपण' म्हणून बाजूला सारलं तर ते पेकच्या त्या ४१ पत्रांच्याच जातकुळीतलं होईल.

मालिका बघावी की नको? 'कला आणि कलावंत वेगळे ठेवा' हा सल्ला तुम्हाला कुणीतरी दिलाच असेल. कवी मेला, कविता उरली, तिथे तो ठीक आहे. मुलांच्या मालिकेत मात्र पडद्यावर दिसतो तोच मुलांचा कामाचा दिवस असतो, त्यामुळे वेगळं काढायला फट राहत नाही. म्हणून बघायचं तर सगळं माहीत असून बघायचं, नाहीतर ठेवून द्यायचं. दोन्ही चालतं. आमचं म्हणणं विचाराल तर सहा-आठ आठवडे डीव्हीडींची पेटी बंद ठेवा. मग एखाद्या रविवारी दिवसाउजेडी, ताईबरोबर, तुम्हाला सगळ्यांत आवडणारा एकच भाग लावा. एकट्याने रात्री नको. हसू आलं तर हसा. नाही आलं तर बंद करा, आणि तो भाग परत लावायचा नाही असं पेटीवर लिहून ठेवा. जो विनोद आज खटकतो, तो खटकतो म्हणून सगळी मालिका 'आधीपासूनच घाण' ठरत नाही, आणि बाकीचे भाग निर्मळ वाटले म्हणून तो विनोद धुऊनही निघत नाही.

तांत्रिक अडचण आधीच सांगून ठेवतो. डीव्हीडींना जगाच्या विभागांप्रमाणे 'रीजन' क्रमांक असतो. अमेरिकेतल्या डीव्हीडी रीजन १ च्या असतात, इथले प्लेअर रीजन ५ चे, त्यामुळे घरच्या प्लेअरमध्ये त्या बहुधा चालणार नाहीत. संगणकाच्या ड्राइव्हमध्ये घालून व्हीएलसी या व्हिडिओ प्लेअरने बघा. ड्राइव्हने रीजन बदलायला सांगितलं तर लगेच हो म्हणू नका, तो साधारण पाचच वेळा बदलता येतो आणि शेवटी जो निवडाल तो कायमचा बसतो.

'मी बघितलं तर पैसे कुणाला जातात' ही चिंता बरेच जण करतात. घरात असलेली डीव्हीडी लावल्याने कुणालाच दमडी जात नाही. स्ट्रीमिंगवर बघितलंत तर फायदा मंचाचा आणि हक्कधारक कंपनीचा. त्या काळच्या बालकलाकारांना पुनःप्रक्षेपणातून घबाड मिळतं ही समजूतही चुकीची आहे. निकच्या बहुतेकांना काहीच मिळत नाही, असं बेल स्वतः म्हणाला आहे. तेव्हा 'मुलांना आधार म्हणून' भाग लावत बसण्याला अर्थ नाही, आणि 'बहिष्कार' म्हणून डीव्हीडी फोडण्यालाही नाही. ज्यांच्याबद्दल वाटतं त्यांचं आजचं काम विकत घ्या. मॅककर्डीने २०२१ च्या नव्या 'आयकार्ली'त यायला नकार दिला आणि लेखन केलं. तिचं पुस्तक घ्याल तर पैसे तिला जातात.

पानाचं काम एका शनिवारात उरकेल. डिलीट काही करू नका, घाईत खोडलेलं परत येत नाही. सगळ्या पोस्ट आधी आर्काइव्हमध्ये टाका, मग एकेक बघून बाहेर काढा. चाळणी अशी लावा: क्लिपमधली गंमत मुलाच्या किंवा मुलीच्या शरीरावर, कपड्यांवर किंवा तोंडावर उडालेल्या चिकट पदार्थावर असेल तर ती आर्काइव्हमध्येच राहील. 'बघा काय दाखवत होते' असं लिहून ती टाकणं हा निषेध वाटतो, पण प्रत्यक्षात त्या मुलीचं चित्र तुम्ही आणखी बारा हजार जणांना, त्याच नजरेने बघा म्हणून, वाटत असता. ती मुलगी आज तिशी-पस्तिशीची बाई आहे आणि तिला कुणी विचारलेलं नाही. सेटिंग्जमध्ये ठरावीक शब्दांच्या कॉमेंट लपवणारं 'हिडन वर्ड्स' आहे, त्यात दोन-चार शिव्या आणि ज्यांच्यावर लोक तुटून पडतात त्यांची नावं घाला. मग पानावर वर एक पोस्ट पिन करा. चार ओळी पुरेत: न्यायालयात काय ठरलं, बाकीच्या अफवा इथे चालणार नाहीत, ज्यांनी भोगलं त्यांच्याबद्दल अंदाज बांधू नका, जॉश पेकचा याच्याशी संबंध नाही. कुणी 'तू त्यांची बाजू घेतेस' म्हणेल. उत्तर देऊ नका, कॉमेंट लपवा. बारा हजारांतले हजार-दीड हजार जातील, जाऊ द्या.

भाच्याला आत्ताच दाखवू नका. मालिका त्याच्यासाठी वाईट आहे म्हणून नव्हे. तुम्ही शेजारी बसून दर दोन मिनिटांनी श्वास रोखाल, आणि सात वर्षांचं पोर पडद्यापेक्षा मावशीचा चेहरा जास्त बघतं. "अरे, ती डीव्हीडी आपल्याकडे चालत नाहीये, आपण दुसरं काहीतरी बघू," एवढं सांगा. तो खोटेपणाही नाही, वर लिहिलंच आहे. पुढे कधी दाखवलंत तर डीव्हीडीवरूनच दाखवा, यूट्यूबवर नको. तिथे मालिकेचं नाव टाकलं की शेजारच्या रांगेत माहितीपटाचे तुकडे येणार. तुमच्या स्वतःच्या यूट्यूबचाही बघण्याचा इतिहास पुसा आणि नोंद ठेवणं थांबवा, म्हणजे रात्री तेच तेच समोर येणार नाही. भाचा अकरा-बाराचा झाल्यावर कुठूनतरी ऐकेलच. तेव्हा सांगायचं, "त्यातल्या एका मुलाला तिथल्या एका मोठ्या माणसाने त्रास दिला, त्याने खूप वर्षांनी सांगितलं, आणि लोकांनी त्याचं ऐकलं." त्याने विचारलं तर पुढचं, नाही विचारलं तर नाही.

नवऱ्याचं म्हणणं मनावर घेऊ नका. परक्या गावात तुमच्याशी रोज बोलणारी दोनच पोरं होती, हे त्यांना माहीत नसेल. एकदा सांगा.

झोप मात्र हलक्यात घेऊ नका. फोन रात्री दहाला दुसऱ्या खोलीत. दोन आठवड्यांत फरक पडला नाही, किंवा हे सगळं बघताना स्वतःच्या लहानपणीचं काही वर येत असेल, तर हा मालिकेचा विषय उरत नाही. टेली-मानस या सरकारी मानसिक आरोग्य हेल्पलाइनचा १४४१६ हा क्रमांक मोफत आहे, मराठीत बोलता येतं. पत्रात तुम्ही तसं काही लिहिलेलं नाही, आम्हीही तर्क करत नाही, पण असा माहितीपट बघून झोप उडालेल्यांत अशी माणसं असतात.

राहिली ताई. तिला माहितीपट बघायला लावू नका, ती चिडेल. तिच्याशी तीनच गोष्टी बोला, कायद्याचे नियम, घरची शिस्त आणि ऑडिशनच्या दिवशीचे प्रश्न, आणि त्या कागदावर नेऊन द्या. आपल्याकडे बालकामगार कायद्याखालचे २०१७ चे नियम आहेत. मुलाकडून दिवसात पाच तासांपेक्षा जास्त काम करून घ्यायचं नाही, विश्रांतीशिवाय सलग तीन तासांहून जास्त नाही, ओळीने २७ दिवसांपेक्षा जास्त नाही. निर्मात्याला जिल्हा दंडाधिकाऱ्यांची परवानगी लागते. दर पाच मुलांमागे किमान एक जबाबदार व्यक्ती नेमावी लागते. मुलाच्या कमाईतले किमान २० टक्के राष्ट्रीयीकृत बँकेत त्याच्या नावे मुदत ठेवीत जायला हवेत. (कॅलिफोर्नियात जॅकी कूगन या बालनटाचे पैसे घरच्यांनीच उडवल्यावर १९३९ मध्ये कायदा झाला, तिथे हा वाटा १५ टक्के. या एका बाबतीत आपण पुढे आहोत, कागदावर तरी.)

पण नियमांपेक्षा महत्त्वाचं काय ते बेलच्या प्रकरणात दिसतं. तिथेही नियम होते, सेटवर माणसं होती. वडिलांना पेकचा संशय आला होता आणि त्यांनी तो बोलून दाखवला होता. पेकने मुलगा आणि वडील यांच्यात अंतर पाडलं, कामकाज बघण्यातून वडील बाजूला झाले, आणि ऑडिशनला ने-आण पेक करू लागला. पोराचं घर लांब, पेकचं घर जवळ, मुक्काम तिथे. गोड बोलणारा, मदतीला तत्पर, सगळ्यांच्या ओळखीचा माणूस 'मी सोडतो ना त्याला' म्हणतो, तिथून हे सुरू होतं. तेव्हा ताईने ठरवावं: ने-आण घरचंच माणूस करेल, दमलं तरी आणि लांब असलं तरी. नृत्यदिग्दर्शक असो की सहायक, मुलाच्या फोनवर कुणाचाही थेट मेसेज नको, जे काय ते पालकांच्या ग्रुपवर. कपडे बदलताना आई किंवा बाबा दाराशी. आणि कुणी 'तुम्ही फार काळजी करता, त्यामुळे मुलाचं करिअर अडतं' म्हणालं, तर त्या माणसाचं नाव लिहून ठेवायचं.

ऑडिशनच्या दिवशी दोन प्रश्न विचारायचे. आमच्या मुलाची जबाबदार व्यक्ती कोण, नाव आणि नंबर द्या. आणि आम्ही कुठे बसायचं, तिथून तो दिसतो का? पहिल्याला 'बघू, कोणीतरी असेल' आणि दुसऱ्याला 'पालकांना आत सोडत नाही' असं उत्तर आलं, तर दारातूनच परत फिरा. वाटेत पोराला आइस्क्रीम घ्या, महिनाभर तालीम केलेली असते त्याने.